वापरणारा माकड आहे का?

अँड्रॉइडच्या पोटात 'इजयूजरअमंकी' नावाचं एक फंक्शन आहे. ही थट्टा नाही, अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तावेजात त्याची रीतसर नोंद आहे. अ‍ॅपने ते बोलावलं की 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येतं: या क्षणी स्क्रीनवर बोटं मारणारा प्राणी माकड आहे की नाही. माकड म्हणजे 'मंकी' ही कमांड. ती चालवली की फोनवर टॅप आणि स्वाइप यांचा पाऊस पडतो, वाट्टेल तिथे, वाट्टेल त्या क्रमाने, आणि प्रोग्रामर बघत बसतो की अ‍ॅप कधी कोसळतं. या माकडाच्या हातून फोनच पुसला जाऊ नये म्हणून अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'सगळा डेटा मिटवा' या बटणामागे ही विचारणा करून ठेवलेली आहे. समोर माकड असेल तर बटण काहीच करत नाही. कल्पना जुनी आहे. १९८३ साली, मॅकिंटॉश बाजारात यायच्या आधी, स्टीव्ह कॅप्स या प्रोग्रामरने त्यावर असंच एक माकड सोडलं होतं.

या माकडाबद्दल मला आदर आहे, कारण त्याच्याविषयी कोणाचाही गैरसमज नव्हता. माकडाने रात्रभर धुडगूस घातला आणि तरी अ‍ॅप कोसळलं नाही, एवढ्यावरून 'अ‍ॅप लोकांना वापरता येतं' असा निष्कर्ष कोणी काढला नाही. माकड ते माकड, माणूस तो माणूस, हा हिशेब स्वच्छ होता. अलीकडे तो बिघडला आहे, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

माकडाच्या जागी आता शिकलासवरलेला प्राणी आला आहे. प्रोग्रामरच्या टर्मिनलमध्ये एआय सहायक बसलेला असतो आणि तो कमांड लाइनवरून, म्हणजे एकेका ओळीच्या आज्ञा देऊन, फोन चालवतो. यातली मूळ अवजारं जुनीच आहेत. अँड्रॉइडवर 'एडीबी' या पुलावरून फोनशी बोलता येतं: अमुक बिंदूवर टॅप कर, तमुक अक्षरं टाइप कर, स्क्रीनचा फोटो दे, स्क्रीनवर काय काय आहे त्याची यादी दे. आयफोनच्या बाजूला अ‍ॅपलची 'सिमसीटीएल' आणि 'एक्ससीयूआयटेस्ट' ही अवजारं आहेत, फेसबुकने बनवलेलं 'आयडीबी' आहे. नवं काय, तर २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रोपिकने 'मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला आणि असली अवजारं सहायकाच्या हाती द्यायची एक सामाईक पद्धत तयार झाली. मग या जुन्या पुलांवर उभारलेल्या नव्या कमांडींचं पीकच आलं. आता सहायकाला साध्या भाषेत सांगायचं, 'नवीन खातं उघडून दाखव.' तो यादी मागतो, 'पुढे' हे बटण शोधतो, टॅप करतो, पुन्हा यादी मागतो, चुकलं तर मागे येतो आणि शेवटी लिहितो: चाचणी उत्तीर्ण. मध्ये काही मोडलेलं सापडलं तर कोडही तोच दुरुस्त करतो.

हे बघायला मजा येते. लॉगिनचा तोच फॉर्म दिवसातून चाळीस वेळा भरणं हे काही माणसाने करायचं काम नव्हे, ते यंत्राकडे गेलं तर चांगलंच झालं. माझं भांडण अवजाराशी नाही. त्याच्या नावाने जे प्रमाणपत्र दिलं जातं, त्याच्याशी आहे. 'अ‍ॅप एआयकडून पूर्ण तपासून घेतलंय' हे वाक्य आता बैठकांत सहज फेकलं जातं, आणि त्याचा अर्थ सगळे असा घेतात की लोकांना हे अ‍ॅप वापरता येईल. या वाक्याचा तसा अर्थ होत नाही. का होत नाही, ते सविस्तर सांगतो.

*

सुरुवात त्या यादीपासून करू. यंत्राला स्क्रीन कळते ती कशी? अँड्रॉइडला 'यूआयऑटोमेटर डंप' अशी आज्ञा दिली की एक एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात स्क्रीनवरच्या प्रत्येक वस्तूची नोंद असते: तिच्यावरचा मजकूर, तिचं वर्णन, तिच्यावर टॅप करता येतो का, ती कुठून कुठपर्यंत पसरली आहे. एकात एक बसवलेल्या या नोंदींना अ‍ॅक्सेसिबिलिटीचं झाड म्हणतात. आयफोनवरचं चाचणीयंत्रही २०१५पासून याच प्रकारच्या झाडावर चढतं.

हे झाड यंत्रासाठी लावलेलं नव्हतं. ज्यांना स्क्रीन दिसत नाही अशा माणसांसाठी ते लावलं गेलं. २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये 'व्हॉइसओव्हर' आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' आलं. ही दोन्ही सॉफ्टवेअरं स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते बोलून सांगतात. सांगायचं काय, ते या झाडातून येतं. प्रोग्रामरने बटणाचं वर्णन लिहिलं असेल तर दृष्टिहीन माणसाला 'पैसे पाठवा, बटण' असं ऐकू येतं. लिहिलं नसेल तर नुसतं 'बटण'. आणि एका स्क्रीनवर सात 'बटण, बटण, बटण' असली तर पैसे कुठल्याने जातात आणि खातं कुठल्याने बंद होतं, हे नशिबावर.

वर्णन लिहायला किती वेळ लागतो? एक ओळ. ती एक ओळ लिहा म्हणून दृष्टिहीन लोक गेली कित्येक वर्षं पत्रं लिहिताहेत, प्ले स्टोअरवर तक्रारी करताहेत, कोर्टात जाताहेत. २०११च्या जनगणनेत भारतात दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या वर होती. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे आणि त्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. तरीही उत्तर ठरलेलं असायचं: 'पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू.'

आणि आता बघा. सहायकाला बटण सापडेना, तेव्हा लेबलं लिहायला लोकांना वेळ मिळू लागला. लेबलं नीट असतील तर सहायकाची चाचणी स्वस्तात आणि भरवशाची होते, असे सल्ले दिले जाऊ लागले. पन्नास लाख माणसांना जे मागून मिळालं नाही, ते एका यंत्राला न मागता मिळालं. यावर कोणी म्हणेल, तक्रार कशाला करता? निमित्त यंत्राचं असलं तरी फायदा माणसांचाच झाला ना? झाड तेच, फळं दोघांना.

हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. तो तीन ठिकाणी मोडतो.

पहिलं ठिकाण: यंत्राला लागणारी पाटी आणि माणसाला लागणारी पाटी वेगळी असते, आणि दोन्हींची सोय एकाच जागी झाली की माणसाची पाटी जाते. आयफोनवर याची निदान दोन खाती आहेत. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी लेबल' व्हॉइसओव्हर वाचून दाखवतं. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी आयडेंटिफायर' मात्र कधीच वाचून दाखवत नाही, ते फक्त चाचणीयंत्रासाठी असतं. नावात अ‍ॅक्सेसिबिलिटी आहे, पण अपंग माणसाला त्याचा उपयोग शून्य. सहायकाला आयडेंटिफायर मिळाला की त्याचं काम भागतं, लेबल कोरं राहिलं तरी चाचणी हिरवी. अँड्रॉइडवर 'रिॲक्ट नेटिव्ह'मध्ये लिहिलेल्या अ‍ॅपांची कथा आणखी वाईट होती. तिथे चाचणीसाठी दिलेली खूण बरीच वर्षं बाहेरच्या अवजारांना दिसतच नसे. मग टेस्टिंगवाल्यांनी सोपी वाट काढली: माणसांसाठीच्या वर्णनाच्या जागेतच यंत्रासाठीची खूण लिहून टाकली. परिणाम असा की टॉकबॅक लावलेल्या माणसाला कानात ऐकू यायचं, 'बीटीएन अंडरस्कोर सबमिट अंडरस्कोर टू'. यंत्राची चाचणी उत्तम चालली होती.

दुसरं ठिकाण: सहायकाला डोळे आहेत. झाडात काही सापडलं नाही तर तो स्क्रीनचा फोटो मागवतो, फोटोत हिरवं बटण ओळखतो आणि त्या बिंदूवर टॅप करतो. 'फ्लटर'सारख्या साधनांनी बनवलेली अ‍ॅपं स्क्रीन स्वतःच रंगवतात. प्रोग्रामरने काळजी घेतली नसेल तर त्यांच्या झाडावर वाचण्यासारखं फारसं काही उरत नाही. दृष्टिहीन माणसाचा प्रवास तिथे संपतो. सहायक मात्र शांतपणे फोटो काढून पुढे जातो. अडथळा त्याला दिसलाच नाही, कारण तो त्याला अडलाच नाही, आणि अहवालात त्याची नोंद होत नाही. जितका हुशार सहायक, तितकी त्याची चाचणी निरुपयोगी.

तिसरं ठिकाण सगळ्यात बोलकं आहे. अँड्रॉइडचं हे चाचणीयंत्र नेहमीच्या पद्धतीने फोनला जोडलं की ते फोनवर चालू असलेल्या बाकीच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा दाबून टाकतं. टॉकबॅक चालू असेल तर तो गप्प होतो. तसं होऊ नये यासाठी अँड्रॉइड ७पासून एक पर्याय दिलेला आहे, पण तो आठवणीने निवडावा लागतो. म्हणजे ज्या झाडावर चढायला यंत्र येतं, त्या झाडावर आधीपासून बसलेल्याला ते उठवतं. मी रूपक म्हणून लिहिलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती. हे अवजाराचं मूळ वर्तन आहे.

*

यंत्राला आणि माणसाला एकच अ‍ॅप मिळतं, हीसुद्धा समजूतच आहे. सहायकाला मिळतं ते तपासणीसाठी बांधलेलं अ‍ॅप. त्यात कॅप्चा बंद असतो. ओटीपी ठरलेला असतो, बहुधा एकापासून सहापर्यंतचे आकडे. स्क्रीनचा फोटो काढायची बंदी उठवलेली असते. खात्यात खोटे पैसे असतात आणि ते कधी अडकत नाहीत.

माणसाला मिळतं ते कुलूपबंद अ‍ॅप. अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवांचा गैरवापर करून बँक खाती लुटणारी सॉफ्टवेअरं खरोखर आहेत, म्हणून काही अ‍ॅपं अशी कुठलीही सेवा चालू दिसली की संशय घेतात किंवा चालायलाच नकार देतात. या संशयात चोराबरोबर आंधळाही सापडतो. ओटीपी वाचून ऐकेपर्यंत त्याची मुदत संपते. मग येते केवायसी: कॅमेऱ्यात बघा, चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा. अ‍ॅसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या माणसाने काय मिचकवायचं?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि केवायसी सुगम व्हावी म्हणून २० निर्देश दिले. विचार करा, 'डोळे मिचकवा' ही पायरी असलेली अ‍ॅपं चाचणीत नापास झाली होती का? नाही. ती पायरी मागणीपत्रकात होती, कोडमध्ये होती, चाचणीत होती आणि प्रत्येक वेळी उत्तीर्ण होत होती. ज्याला डोळे मिचकावता येत नाहीत असा माणूस चाचणीच्या खोलीत नव्हता, एवढंच. आता त्या खोलीत माणूसच नसेल.

*

अपंगांचा प्रश्न आहे, आपला नाही, असं वाटणाऱ्यांसाठी आता मराठीकडे येतो.

एडीबीमध्ये अक्षरं टाइप करायची जी मूळ आज्ञा आहे, तिला देवनागरी येत नाही. 'पुणे' असं देवनागरीत दिलं तर ती आज्ञाच त्रुटी दाखवून कोसळते. यावर उपाय आहेत. एखादा खास कीबोर्ड बसवता येतो, किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीच्याच मार्गाने तयार मजकूर चौकटीत थेट ठेवता येतो. पण 'ठेवणं' आणि 'टाइप करणं' यात फरक आहे. मराठी माणूस फोनवर नाव लिहितो तेव्हा कीबोर्ड मधे असतो. तो रोमनमध्ये टाइप करून सुचवलेल्यातला शब्द निवडतो, किंवा क, मग हलन्त, मग ष असं जोडाक्षर रचतो. जोडाक्षर अर्धं असताना अ‍ॅप त्या चौकटीत ढवळाढवळ करतं, मागे जाण्याचं बटण दाबलं की पूर्ण अक्षर जाण्याऐवजी वेलांटीच जाते. बिघाड या रचनेच्या क्षणी घडतात. तयार मजकूर आयता आणून ठेवणाऱ्या यंत्राला हा क्षण भेटतच नाही.

आणि सहायक देवनागरी वापरेल कशाला? त्याला नाव भरायला सांगा, तो 'जॉन डो' भरेल किंवा 'टेस्ट यूजर' भरेल. क्षितिजा नावाची मुलगी त्याच्या डोक्यात नाही. 'क्षितिजा' आपल्याला तीन अक्षरी दिसतं. संगणक ते क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, काना असं आठ खुणांत मोजतो. नावाच्या चौकटीला खुणांची मर्यादा असली की लांब मराठी नावं मधेच तुटतात. 'फक्त ए ते झेड' अशी अट असली तर तेवढंही नाही. 'सबमिट' या शब्दाच्या मापाने बेतलेल्या बटणावर 'अर्ज दाखल करा' मावत नाही आणि उरतं 'अर्ज दा…'. हे सगळं आपण रोज बघतो आणि सवयीने सोडून देतो. कोणीतरी कुठेतरी हे तपासलं होतं आणि बरोबर आहे असं लिहून दिलं होतं, हे आपल्या ध्यानात येत नाही.

२०२१ साली महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे होते, तापत होते, बंद पडत होते, आणि त्यांवर 'पोषण ट्रॅकर' हे केंद्राचं अ‍ॅप इंग्रजीत भरायचं होतं. गावातल्या बाळांची वजनं इंग्रजीत लिहिता आली नाहीत तर दोष सेविकेचा. त्या अ‍ॅपची चाचणी झालीच नव्हती असं मी म्हणणार नाही. झालीच असेल. चांगल्या फोनवर, चांगल्या नेटवर, इंग्रजी वाचणाऱ्याने केली तर ती उत्तीर्णच होणार. सेविकांनी फोन परत केले, ती खरी चाचणी होती. तिचा निकाल लागायला मोर्चे काढावे लागले.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने करायची पीकनोंद आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, जागेच्या खुणेसह फोटो काढून करायची. नोंद सातबाऱ्यावर जाते, आणि नुकसानभरपाईपासून सरकारी खरेदीपर्यंत बरंच काही त्यावर ठरतं. असल्या अ‍ॅपची परीक्षा बांधावर होते: डोक्यावर ऊन, स्क्रीनवर चकाकी, बोटांना माती, बॅटरी बारा टक्के आणि रेंजची एकच काडी. आता हीच परीक्षा टर्मिनलमधून कशी होईल ते सांगतो. एमुलेटर नावाच्या खोट्या फोनला 'जिओ फिक्स' ही आज्ञा देऊन अक्षांश-रेखांश कळवले की फोन जागेवर न हलता शेतात पोचतो. कॅमेरा उघडला की अँड्रॉइडच्या एमुलेटरमध्ये एक आभासी दिवाणखाना दिसतो. सहायक त्या दिवाणखान्याचा फोटो काढेल, पीक म्हणून सोयाबीन निवडेल, नोंद पाठवेल आणि लिहील: उत्तीर्ण. नेट हळू करून बघायची सोय एमुलेटरमध्ये आहे, हेही सांगितलं पाहिजे. पण ज्याने आयुष्यात कधी बांधावर उभं राहून गोल फिरणारं चक्र बघितलेलं नाही, तो ती सोय वापरायला सांगणार नाही. आणि सांगितल्याशिवाय सहायक ती वापरणार नाही.

*

मायकेल बोल्टन या टेस्टिंगवाल्याने २००९मध्ये पडताळणी आणि चाचणी यांच्यात भेद केला. जे आधीच ठरलं आहे ते तसंच आहे ना, हे बघणं ही पडताळणी. काय बिघडू शकतं ते शोधत जाणं ही चाचणी. पडताळणी यंत्राने करावी, खुशाल करावी. चाचणीला कुतूहल लागतं, थोडा खवटपणा लागतो आणि मुख्य म्हणजे चिडण्याची क्षमता लागते. चांगला टेस्टर तिसऱ्यांदा तोच ओटीपी मागितल्यावर चिडतो, आणि ती चीड हाच बग असतो. सहायक चिडत नाही. बटण सापडलं नाही तर पुन्हा शोधतो, पान उघडलं नाही तर थांबतो, संदेश कळला नाही तर अंदाज बांधतो. त्याच्या वळणातच कसंही करून काम पार पाडणं आहे. आपल्याला हवा असतो तो काम अडलं की ते अडलं असं सांगणारा. जो कधीच वाट चुकत नाही, त्याला रस्त्यावरच्या पाट्या तपासायला पाठवून काय उपयोग?

त्यातून कोड लिहिणाराही तोच, चाचणी घेणाराही तोच आणि नापास झाल्यावर दुरुस्त करणाराही तोच. आपल्या विद्यापीठांत पेपरफुटीवर एवढा गदारोळ होतो. इथे विद्यार्थीच पेपर काढतो, सोडवतो, तपासतो आणि पेढे वाटतो. चाचणी हिरवी होत नसेल तर कोड सुधारावा की चाचणी सैल करावी, हे दोन्ही रस्ते त्याला खुले असतात. 'या सूचनेचा शोध अपयशी ठरतोय, म्हणून ती पायरी वगळली' असं तो नम्रपणे लिहूनही ठेवतो. वाचायला कोणी असेल तर.

वाचणारी ती माणसं कोण होती, हेही बोललं पाहिजे. पुण्यात, हिंजवडीत, मॅन्युअल टेस्टर हा आयटीतल्या उतरंडीवरचा खालचा माणूस. प्रोग्रामर त्याच्याकडे जरा कमीच लेखून बघतो. पण त्या खुर्चीवर लहान गावातून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली, घरी साधा फोन असलेली मुलं-मुली जास्त सहज पोचत. आईला अ‍ॅप समजत नाही म्हणजे नेमकं काय समजत नाही, हे त्यांना घरून ठाऊक असायचं. टेस्टरची खुर्ची काढली की पगार वाचतो, हे ताळेबंदात दिसतं. त्या खुर्चीबरोबर कंपनीतला गावाकडचा शेवटचा डोळा जातो, त्यासाठी ताळेबंदात रकाना नाही.

*

मग काय करायचं? अवजारं टर्मिनलमध्ये राहणारच आहेत, आणि राहावीत. मी मागतो ते त्याच अवजारांनी, आजच्या आज करता येण्यासारखं आहे.

सहायकाचे डोळे बांधा. एक चाचणी अशी घ्या की त्याला स्क्रीनचा फोटो मिळणार नाही, बिंदूवर टॅप करता येणार नाही, आयडेंटिफायर दिसणार नाहीत. टॉकबॅक जे आणि ज्या क्रमाने बोलेल, तेवढंच त्याला मिळेल. त्यात पैसे पाठवता आले तर अ‍ॅप पास. नाही आले तर नापास, आणि इथे 'युक्तीने जमवलं' चालणार नाही. ज्या यंत्रामुळे अडथळे झाकले जात होते, तेच यंत्र मग ते मोजायला लागेल. यासाठी नवं संशोधन नको. सहायकाला काय दाखवायचं हे आपणच ठरवतो, तेव्हा कमी दाखवायचं एवढंच.

दुसरं, प्रत्येक चाचणी मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि हळू नेटवर पुन्हा चालवा. अँड्रॉइड १३पासून एकेका अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते, १४पासून अक्षरं दुप्पट मोठी करता येतात, आणि दोन्ही गोष्टी कमांड लाइनवरून होतात. चाचणीच्या नावांच्या यादीत जॉन डोच्या जागी क्षितिजा, ज्ञानोबा आणि श्रीकृष्ण असावेत. यंत्राला कंटाळा येत नाही हा त्याचा मोठा गुण म्हणतात ना, मग तो इथे कामाला लावा. चाळीसदा लॉगिन करणारा सहायक चाळीस वेगवेगळ्या अडचणींत लॉगिन करू शकतो.

तिसरं, जो सहायक कोड लिहितो त्याला चाचणीच्या फाइलींवर हात ठेवू देऊ नका. पायरी वगळायची असेल तर माणसाची सही हवी.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: जे अ‍ॅप वापरल्याशिवाय पेन्शन, पीकनोंद, पोषण आहार किंवा बँक खातं मिळत नाही, ते प्रसिद्ध करण्याआधी ते ज्यांनी वापरायचं आहे त्यांच्यापैकी काहींना पैसे देऊन वापरायला द्या. दृष्टिहीन माणूस, अंगणवाडी सेविका, साठीचा शेतकरी. 'पैसे देऊन' हे शब्द मी जपून लिहिले आहेत. आजवर हे काम ते फुकट करत आले आहेत, प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपवर, स्वतःच्या पैशांची, वेळेची आणि अब्रूची जोखीम घेऊन. सरकारी निविदेत ही अट एका परिच्छेदात बसते. अ‍ॅपची किंमत कोटीत सांगणाऱ्यांना हा खर्च जड जाण्याचं कारण नाही.

आणि जोवर हे होत नाही, तोवर प्रमाणपत्रावरचे शब्द बदला. 'अ‍ॅप तपासलं' असं लिहू नका. 'न थकणाऱ्या, न चिडणाऱ्या, इंग्रजी वाचणाऱ्या, डोळस यंत्राला हे अ‍ॅप खोट्या फोनवर वापरता आलं' असं लिहा. वाक्य लांब आहे, पण खरं आहे. ते वाचून मंत्रालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याने 'मग माणसांचं काय?' असं विचारलं, तर त्याला दाखवायला तुमच्याकडे काय आहे ते आधी बघून ठेवा.